जुन्या कचरा डेपोच्या सफाईला जुनी पॉलिसी कशी कामाला लावायची

अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्याखाली जुन्या लँडफिलच्या (कचरा डेपोच्या) सफाईचं बिल मालकावर, तिथे घातक कचरा टाकणाऱ्या कंपनीवर, अगदी नगरपालिकेवरही येऊ शकतं. अशी नोटीस आली की आधी जुन्या लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा, शोधा, विशेषतः १९८६ च्या आधीच्या, कारण त्यानंतर प्रदूषण जवळपास सगळीकडे कव्हरमधून पूर्ण वगळलं गेलं.

जुन्या पॉलिसी ‘ऑकरन्स’वाल्या, म्हणजे नुकसान त्या वर्षांत झालं असेल तर क्लेम आज केला तरी चालतो, आणि हे खरंच खूप मोठं आहे. १९७३ ते १९८५ च्या पॉलिसींत मात्र प्रदूषण ‘अचानक आणि अपघाती’ असेल तरच कव्हर, अशी अट असते, तिचा अर्थ प्रत्येक राज्याचं कोर्ट वेगळा लावतं.

पॉलिसीच सापडत नाहीये? सोडू नका! जुने लेजर, प्रीमियमचे चेक, सभेची इतिवृत्तं, ब्रोकरच्या फायली, जुनी कॉन्ट्रॅक्टं चाळा, पॉलिसी नंबर मिळाला तरी पुष्कळ धागा हाती लागतो, आणि हेच काम करणारे व्यावसायिक शोधकही असतात.

मग सगळ्या वर्षांच्या सगळ्या विमा कंपन्यांना लगेच लेखी कळवा, उशीर झाला तर क्लेम बुडू शकतो, आणि त्यांच्या संमतीशिवाय खर्च किंवा तडजोड करू नका. स्वतःच्या जमिनीचं नुकसान बहुतेक वगळलेलं असतं, म्हणून स्वतःच्या जमिनीपलीकडचं नुकसान दाखवायला भूजल बिघडल्याचे रिपोर्ट जरूर जोडा.