कॉर्डलेस फोन आणि निरोप टिपून ठेवणारं यंत्र घरी कसं बसवावं

बेळगावच्या वडगावात आमचं घर लांबट आहे. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परस. फोन सोप्यात, नळ परसात. नळ आला की आई मागे घागरी भरत असायची आणि पुढे फोन वाजत राहायचा. ओल्या पायांनी धावताना ती एकदा उंबऱ्यात घसरली, मनगटाला प्लास्टर बसलं. प्लास्टर बघून सगळ्यांनी तिलाच समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "मी पाणी भरूलालो, फोन कुणी उचलायचा?" प्रश्न रास्त होता. मोबाइल तिच्याकडे आहे, पण तो कुठेतरी उशीखाली असतो. निपाणीची मावशी, खानापूरची आत्या, कोल्हापूरचे मामा, सगळ्यांना पाठ आहे तो घरचाच नंबर. म्हणून घरात कॉर्डलेस फोन बसवला, तोही आन्सरिंग मशीन असलेला. अशाच घरांसाठी हे लिहितोय.

घेताना काय बघायचं

दुकानात नुसता 'कॉर्डलेस' मागितला तर बहुतेक वेळा निरोप टिपण्याची सोय नसलेला फोन मिळतो. खोक्यावर 'आन्सरिंग मशीन' किंवा 'आन्सरिंग सिस्टीम' असं लिहिलेलं आहे का ते बघा. दुसरा शब्द बघायचा तो 'डेक्ट' (DECT). ही बिनतारी बोलण्याची डिजिटल पद्धत आहे. तिची वारंवारता वायफायच्या वारंवारतेपेक्षा वेगळी असते, त्यामुळे घरात राउटर असला तरी खरखर होत नाही. उघड्यावर साधारण ३०० मीटर आणि घरात ५० मीटरपर्यंत पल्ला सांगतात. आमच्याकडच्या जाड चिऱ्याच्या भिंतींतून तो बराच कमी होतो, हे धरूनच चाला. वयस्कर माणसांसाठी घेत असाल तर मोठी बटणं आणि स्पीकर या दोन गोष्टींवर तडजोड करू नका.

परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेला फोन वापरायचा मोह होतो. अमेरिकेतून आलेल्या फोनवर 'डेक्ट ६.०' लिहिलेलं असेल तर तो इथे लावू नका. तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो आणि आपल्याकडे १९२० पासून पुढचा पट्टा मोबाइल सेवेसाठी आहे. तुमच्या फोनमुळे गल्लीतल्या मोबाइलना अडथळा येऊ शकतो. शिवाय त्याचा अडॅप्टर ११० व्होल्टचा असला तर आपल्या २३० व्होल्टवर तो लगेच जळेल.

आधी जागा ठरवा

खोकं उघडलं की वायर जोडायची घाई होते. त्याआधी घरभर एक फेरी मारा. फोनचा मुख्य भाग, म्हणजे बेस, एका जागी राहणार आणि हातातला हँडसेट फिरणार. त्यामुळे बेस शक्य तितका घराच्या मधोमध हवा. आम्ही तो सोप्यातून काढून माजघरात, छातीच्या उंचीच्या फळीवर ठेवला. तिथून पुढच्या दारापर्यंत आणि मागच्या नळापर्यंत आवाज स्वच्छ येतो. लोखंडी कपाट, ट्रंक, फ्रिज आणि टीव्ही यांच्यापासून तो लांब ठेवा, राउटरच्या डोक्यावर तर नकोच. खिडकीतही नको. खानापूरकडच्या घरांत पावसाळ्यात सगळीकडे ओल येते आणि चार्जिंगच्या पत्र्या हिरव्या पडतात.

जागा निश्चित होईपर्यंत वायर भिंतीला ठोकू नका. एक दिवस मोकळी सोडून चालवून बघा.

लाईन कुठून येते

तुमची लाईन जुन्या तांब्याच्या तारेवर असेल तर भिंतीवरच्या छोट्या डबीतून बारीक प्लगची वायर बेसला जाते. खोक्यात मिळालेलीच वायर वापरा. डबीवर ब्रॉडबँडही असेल तर मधे स्प्लिटर, म्हणजे फोन आणि इंटरनेट वेगळे करणारी छोटी डबी, लागतो. तो नसला तर बोलताना घूं असा आवाज येत राहतो.

आता बऱ्याच घरांत फायबर आला आहे. तिथे भिंतीवरची जुनी डबी निकामी झालेली असते, हे लक्षात न आल्याने लोक तासभर डोकं खाजवतात. फायबरच्या पांढऱ्या किंवा काळ्या डब्याला मागे फोनसाठी वेगळं, लहान भोक असतं. बेसची वायर तिथे घालायची. शेजारची मोठी भोकं इंटरनेटची. फोनचा प्लग त्यांतही शिरतो, पण आवाज येत नाही आणि आतल्या पिना वाकतात.

वायर घातल्यावर बेसला त्याच्याच अडॅप्टरने वीज द्या. टोन ऐकायची घाई अजून नको, कारण हँडसेटला जीव यायचा आहे.

बॅटरी

हँडसेटच्या पाठीमागचं झाकण सरकवून दोन बारीक सेल घाला. त्यांच्यावर प्लास्टिकची पट्टी असेल तर ती ओढून काढा. हे सेल १.२ व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे असतात. घड्याळात घालतो ते साधे सेल इथे कधीही घालू नका. चार्ज करताना ते फुटतात, गळतात. पहिल्यांदा पुस्तिकेत सांगितले असतील तितके तास पूर्ण चार्ज करा. मी तर संध्याकाळी ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उचलतो. दोन-तीन वर्षांनी बोलता बोलता फोन बंद पडू लागला की दोन्ही सेल एकदम बदलायचे.

सोबत आलेला हँडसेट सहसा बेसशी आधीच जुळवलेला असतो. दुसरा हँडसेट घेतला असेल तर बेसवरचं शोधायचं बटण काही सेकंद दाबून धरा, हँडसेटच्या मेनूत 'रजिस्टर' निवडा आणि पिन द्या. बऱ्याच फोनना तो ०००० असतो. तेच बटण एरवी एकदाच दाबलं की हरवलेला हँडसेट ओरडतो. आमच्याकडे तो बहुतेक वेळा तांदळाच्या डब्याजवळ सापडतो.

किती रिंगनंतर यंत्राने उचलायचं

या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं तर बाकी सगळं बसवून उपयोग नाही. दुकानातून आलेलं यंत्र बहुधा तीन-चार रिंगांत उचलतं. आपल्याकडची एक रिंग म्हणजे 'ट्रिंग-ट्रिंग' आणि मधली शांतता मिळून साधारण तीन सेकंद. म्हणजे चार रिंगा म्हणजे १२ सेकंद. तेवढ्यात सत्तरीतलं माणूस परसातून माजघरात येत नाही. मग आई पुन्हा धावते, आणि यंत्र आणलं होतं ते धावणं थांबवायला.

म्हणून मोजून बघा. आईला नळाजवळ उभं केलं, हात पुसून तिच्या रोजच्या चालीने बेसपर्यंत यायला सांगितलं आणि मोबाइलवर वेळ लावली. २१ सेकंद लागले. त्याला तीनने भागलं तर सात रिंगा होतात. मेनूतल्या 'रिंग टाइम' किंवा 'नंबर ऑफ रिंग्ज'मध्ये सात ठेवल्या. काही फोनांत रिंगांऐवजी सेकंद लिहिलेले असतात, मग हिशेब आणखी सोपा. तुमच्या फोनात एवढ्या रिंगा नसतील तर असतील तितक्या जास्तीत जास्त ठेवा आणि हँडसेट सोबत नेण्याची सवय लावा. आईच्या पदराला तो जड होतो. म्हणून नळाजवळच्या कोनाड्यात, पाणी उडणार नाही अशा उंचीवर, त्याच्यासाठी जागा केली आहे.

आणि तिला स्पष्ट सांगून ठेवा: यंत्राने उचललं तरी काही बिघडत नाही. समोरचा बोलत असतानाच हँडसेट उचलून हिरवं बटण दाबलं की यंत्र बाजूला होतं आणि बोलणं सुरू होतं.

निरोप दोन्ही भाषांत

यंत्रात मुळात इंग्रजी निरोप भरलेला असतो. तो आपल्या नातेवाइकांच्या कामाचा नाही. परक्या बाईचा इंग्रजी आवाज ऐकला की मावशी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवते. घरच्या माणसाच्या आवाजात, मराठीत आणि कानडीत दोन्ही निरोप भरा. आपल्याकडे गॅसवाला, दवाखाना, बँक, शेजारच्या गल्लीतली मंडळी कानडीतूनही फोन करतात, आणि त्यांच्याशी आपलं रोजचं देणंघेणं आहे.

आम्ही भरलेला निरोप असा: "नमस्कार. आत्ता फोनजवळ कुणी नाही. टूं वाजलं की तुमचं नाव आणि नंबर सावकाश सांगा, आम्ही परत फोन करतो." लगेच पुढे तेच कानडीत: "नमस्कार री. ईग फोन हत्तिर यारू इल्ल. बीप आद मेले निम्म हेसरू, नंबर निधानवागी हेळ्री. नावू तिरुगी फोन माडतीवी." दोन्ही मिळून वीस-पंचवीस सेकंदांत बसवा, त्याहून लांब ऐकायला कुणी थांबत नाही. 'आम्ही गावाला गेलोय, रविवारी येऊ' असं मात्र कधीही भरू नका. चोरालाही तोच नंबर लावता येतो.

भरताना 'रेकॉर्ड ग्रीटिंग' निवडून हँडसेट तोंडापासून वीतभर लांब धरा. आमच्या वडगाव-खासबाग भागात शेजारी यंत्रमाग चालतात, त्यांचा खडखडाट भिंतीतून येतो. माग थांबतात ती जेवणाची वेळ आम्ही साधली. आईने दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट म्हटलं.

निरोप भरून झाला की जवळच्या आठ-दहा घरांना एकदा कळवा. यंत्राशी बोलायची सवय नसलेले लोक गप्प राहतात आणि मग यंत्रात नुसता श्वास ऐकू येतो. आत्याला दोन वेळा आम्हीच समोर बसवून फोन करायला लावला.

प्रत्येक निरोपाची कमाल लांबी एक मिनिट ठेवा. समोरच्याने फोन ठेवल्यावरचा 'टूं टूं' आवाजही काही यंत्रं टिपत बसतात आणि जागा खातात.

नंबर साठवताना

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतं, त्यामुळे मोबाइल नंबर शून्यासकटच साठवा. आलेल्या कॉलच्या यादीतला नंबर तसाच परत लावला आणि लागला नाही, तर शून्य नसणं हेच कारण असतं. परगावचे लँडलाइन नंबर कोडसह घाला: निपाणी ०८३३८, खानापूर ०८३३६, कोल्हापूर ०२३१. फोनची यादी सहसा रोमन लिपीतच लिहावी लागते. म्हणून एक ते नऊ आकड्यांवर जवळची माणसं ठरवा आणि कोणत्या आकड्यावर कोण, हे मोठ्या मराठी अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून बेसच्या वर टांगा. त्याच पुठ्ठ्यावर ११२ आणि १०८ लिहा.

बाहेरगावी असताना निरोप ऐकणं

भाऊ पुण्यातून घरच्या फोनवर आलेले निरोप ऐकतो. घरचा नंबर लावायचा, निरोप सुरू झाला की पुस्तिकेत दिलेली खूण दाबायची, बहुधा तारका (*) किंवा चौकट (#), आणि मग पिन. ही सोय चालू करण्याआधी पिन बदला. ०००० किंवा १२३४ तसाच ठेवलात तर तुमच्या घरचे निरोप कुणीही ऐकेल. काही यंत्रांत 'टोल सेव्हर' असतो: नवा निरोप असेल तर यंत्र लवकर उचलतं, नसेल तर उशिरा, म्हणजे बाहेरून लावणारा मधेच ठेवून पैसे वाचवतो. वयस्कर माणूस घरी असेल तर तो बंद ठेवा, कारण त्यात रिंगांचा आपला हिशेब मोडतो.

लाईट गेली तर

बेसला वीज नसेल तर कॉर्डलेस मुका होतो. तांब्याच्या तारेवरच्या लाईनला साधारण ४८ व्होल्ट एक्स्चेंजकडून मिळतात, त्यामुळे वायरचा साधा जुना फोन लाईट गेल्यावरही चालतो. तो भंगारात देऊ नका, सोप्यात त्याच लाईनवर जोडून ठेवा. फायबरवर मात्र डब्यालाही वीज लागते, तेव्हा डबा आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्या. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस परस्पर बेसला लावू नका. आधी बेसच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचा.

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, बेसची वीज आणि फोनची वायर दोन्ही काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण झटका तांब्याच्या तारेतूनही येतो. लाईट परत आल्यावर यंत्रातली तारीख आणि वेळ बघा. चुकली असेल तर निरोप कधीचा आहे ते चुकीचं सांगेल.

यंत्राची जागा मिनिटांत मोजली जाते आणि भरली की ते निरोप घेणं थांबवतं, म्हणून आई दर शनिवारी ऐकून झालेले निरोप पुसते. सगळे एकदम पुसायचं बटण मी तिला दाखवलेलंच नाही, ती एकेक करून पुसते. नातीने पहिल्यांदा 'आजी' म्हटलेला निरोप तसाच होता. पुसण्याआधी मी तो स्पीकरवर लावला आणि शेजारी मोबाइल धरून त्यात टिपून घेतला. तुमच्या यंत्रात असा एखादा असेल तर तो आजच उतरवून घ्या, बेस बिघडला तर आतले निरोप बाहेर काढता येतीलच असं नाही.