पर्थला शिफ्ट होताय? विंडसर्फिंगचे स्पॉट असे शोधा

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थला नोकरी लागली, व्हिसा झाला, तिकीट काढलं की विंडसर्फिंगवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चांगला बीच कुठला?" माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे, बीचचं नंतर बघू, आधी वारा कुठून येतो आणि किती वाजता येतो ते समजून घ्या. कारण एकच बीच सकाळी धोक्याचा असतो आणि दुपारी तीनला झकास असतो. वारा कळला की नकाशा उघडून तुमचे स्पॉट तुम्हीच शोधाल, कुणाला विचारत बसायची गरज नाही.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, दिवसा जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरून गार हवा आत येते, पर्थचा सगळा खेळ त्याच्यावरच आहे. फक्त इथे ते प्रकरण फार जोरात चालतं. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी (हो, इथे सगळं उलटं, ख्रिसमसला कडक ऊन), सकाळी जमिनीवरून पूर्वेचा गरम वारा असतो आणि दुपारी तो फिरून दक्षिण-नैऋत्येकडून समुद्राचा वारा सुरू होतो. याला इथे फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात, उकाड्यातून सोडवतो म्हणून. 15 ते 20 नॉट तर नेहमीचेच, चांगल्या दिवशी 25 ला पण जातो. 1 नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर, म्हणजे 20 नॉट म्हणजे ताशी 37. 1987 च्या अमेरिकाज कपच्या शर्यती फ्रीमँटलसमोरच झाल्या आणि तेव्हापासून जगभरातल्या शिडाच्या बोटीवाल्यांना हा वारा माहिती झाला. सीझन तसा ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत धरायचा.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण नवीन माणूस इथेच फसतो. जितकं जास्त ऊन तितका जास्त वारा असं अजिबात नाही. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा एक पट्टा उन्हाळ्यात तयार होतो, त्याला वेस्ट कोस्ट ट्रफ म्हणतात. हा पट्टा समुद्रावर असेल तर पूर्वेचा गरम वारा दिवसभर थांबत नाही, पारा 40 ला जातो आणि डॉक्टर उशिरा येतो नाहीतर येतच नाही. पट्टा जमिनीवर आत सरकला की मग दक्षिणेचा वारा लवकर आणि दणकून येतो. त्यामुळे अंदाज बघताना तापमान नाही, हा ट्रफ कुठे आहे ते बघायचं. 40 डिग्रीच्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून बीचवर जाऊन भाजत बसण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 31-32 डिग्री आणि ट्रफ आत गेलेला, असा दिवस पकडा.

वारा कळला, आता नकाशा. पर्थचा किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहे आणि समुद्र पश्चिमेला, अगदी आपल्या कोकणासारखाच. बीचवर समुद्राकडे तोंड करून उभे राहा, डावा हात दक्षिण. डॉक्टर येतो डाव्या हाताकडून, थोडासा समोरून. विंडसर्फिंगला यापेक्षा चांगली दिशा नाही, कारण आडव्या वाऱ्यावर सरळ आत जाता येतं आणि सरळ परत येता येतं, आणि मास्ट (शिडाचा खांब) मोडला, वारं पडलं, दम संपला, काहीही झालं तरी तुम्ही वाहत वाहत किनाऱ्यालाच लागता, फक्त गाडीपासून थोडं उत्तरेला. याच बीचवर सकाळचा पूर्वेचा वारा पाठीमागून असतो. पाणी अगदी काचेसारखं सपाट दिसतं आणि मोह होतो, पण तो वारा तुम्हाला समुद्रात ढकलतो आणि पश्चिमेला मदतीला कुणी नाही. किनाऱ्याकडून समुद्राकडे वारा असेल तर समुद्रावर उतरायचं नाही, कितीही चांगले असाल तरी. हा नियम पर्थलाच नाही, गोव्याला पण तोच आणि चेन्नईला पण तोच.

नदीला हेच गणित लावा. स्वान नदी शहराच्या मधोमध इतकी रुंद होते की तिला नदी म्हणायला जीभ वळत नाही, या रुंद भागाला मेलविल वॉटर म्हणतात. उत्तरेच्या काठावर, युनिव्हर्सिटीजवळ क्रॉलीला पेलिकन पॉइंट आहे. तिथे डॉक्टर पोचतो तो मोकळ्या पाण्यावरून, मधे झाड नाही की बिल्डिंग नाही, म्हणून वारा एकसारखा मिळतो. दक्षिणेच्या काठावर उभे राहिलात तर तोच वारा घरांवरून आणि झाडांवरून येतो, मग कधी धक्का कधी शून्य, शिवाय तो तुम्हाला नदीच्या मध्यावर लोटतो. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत तरी वारा बिघडलेला असतो असं धरून चला, म्हणजे 15 मीटरची झाडं असतील तर दीडशे मीटर पाण्यात गेल्याशिवाय खरा वारा लागत नाही. म्हणून कुठल्याही शहरात पहिला शोध हा घ्यायचा, की नेहमीच्या वाऱ्याच्या दिवशी पाण्यावरून वारा येतो असा काठ कुठला.

मग सॅटेलाइट नकाशा मोठा करून बघा. फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळू आणि उथळ पाणी, काळपट ठिपके म्हणजे खडक नाहीतर समुद्री गवत, आणि पांढरी रेघ म्हणजे तिथे लाट फुटते. उथळ पाणी शिकणाऱ्याला चांगलं, पण तुमची फिन (बोर्डच्या खालचं पातं) 40 सेंटीमीटरची असेल तर तीच फिन वाळूत रुतून तुम्ही शिडावरून पुढे फेकले जाल. गवताच्या जागी फिनला गवत गुंडाळतं आणि बोर्ड ब्रेक लावल्यासारखा थांबतो, तिथे मागे कललेली वीड फिन लागते. किनाऱ्यावर वाळलेल्या गवताचे ढीग दिसले तर आत काय आहे ते कळतंच.

मुंबई-कोकणातून येणाऱ्यांना एक सुखाची बातमी. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, ओहोटीला अर्धा किलोमीटर चिखल तुडवायचा, त्यामुळे टाइड टेबल न बघता कुणी पाण्याकडे जात नाही. पर्थला हा फरक मीटरभर पण नसतो, त्यामुळे संध्याकाळी पाच वाजता पाणी असेल का, हा प्रश्नच मिटला. वाऱ्याचं बघा, बाकी नंतर.

आता लाइव्ह आकडे. इथल्या हवामान खात्याची, म्हणजे ब्युरो ऑफ मिटिऑरॉलॉजीची स्टेशनं किनाऱ्यावर ठिकठिकाणी आहेत, रॉटनेस्ट बेटावर, स्वॅनबोर्नला, ओशन रीफला, गार्डन आयलंडवर, आणि नदीत इनर डॉल्फिन पायलन म्हणून एक आहे, मेलविल वॉटरचा वारा बघायला तेच. सीब्रीझ नावाची इथली साइट आहे, तीवर हे सगळे ग्राफ एका जागी मिळतात आणि पर्थचा प्रत्येक विंडसर्फर दुपारी ती उघडून बसलेला असतो. बघायचं असं: रॉटनेस्ट किनाऱ्यापासून साधारण 18 किलोमीटर समुद्रात आहे, तिथे बाण पूर्वेवरून फिरून दक्षिण-नैऋत्येला आला की समजा आता वारा किनाऱ्याकडे निघाला, मग स्वॅनबोर्नचा बाण फिरतो, मग नदीचा. रॉटनेस्टचा आकडा जसाच्या तसा धरू नका, तो नेहमी मोठा दिसतो, मोकळ्यावर आहे आणि उंचावर आहे. आणि सरासरी वारा आणि झोत हे दोन आकडे वेगळे असतात ते दोन्ही वाचा. सरासरी 18 आणि झोत 22 म्हणजे मस्त दिवस. सरासरी 14 आणि झोत 26 म्हणजे हात दुखतील आणि मजा येणार नाही.

एवढं झालं की मग प्रत्यक्ष जाऊन बघा, आणि पहिल्या वेळी सामान नेऊच नका असं मी आग्रहाने सांगेन. दुपारी दोनला पेलिकन पॉइंटला जाऊन गवतावर बसा. लोक शीड जोडत असतात, शिडावर मोठ्या अक्षरात साइझ छापलेली असते (चौरस मीटरमध्ये), 4.7, 5.3, 6.2, ती वाचा, आणि ते शीड कोण लावतंय, बारीक आहे की धिप्पाड, ते बघा. साधारण हिशोब असा की 75 किलोच्या माणसाला 20 नॉटला पाचच्या आसपासचं शीड पुरतं आणि 15 नॉटला साडेसहाच्या पुढचं लागतं. सगळे 5 लावत असताना कुणी धावत जाऊन गाडीतून 4.2 काढून आणला तर समजा आत वारा वाढलाय. तासभर असं बसलं की अंदाजाच्या आकड्याचा आणि खऱ्या वाऱ्याचा मेळ डोक्यात पक्का बसतो. लोक पाण्यात कुठून उतरतात, कुठून बाहेर येतात, कुठल्या बाजूला कुणीच जात नाही, ते पण बघा, जिथे कुणी जात नाही तिथे काहीतरी कारण असतंच. पेलिकन पॉइंटच्या टोकाचा भाग पक्ष्यांसाठी राखीव आहे, तिथे आपला बोर्ड ठेवायचा नाही. आणि गवतात चपला काढू नका, डबलजी नावाचं काटेरी तण इथे सगळीकडे आहे, पायाला पण टोचतं आणि शिडाला पण भोक पाडतं.

कुणाला विचारायचं असेल तर पाण्यातून बाहेर आलेल्याला विचारा, उतरणाऱ्याला नाही. उतरणाऱ्याला घाई असते. आलेला माणूस खूश असतो, शीड धरून उभा राहून पंधरा मिनिटं सांगतो, कुठे वाळू वर आलीये, कुठल्या दिशेला वारा पडतो वगैरे. जुनं सामान विकणारे पण इथेच भेटतात. भारतातून बोर्ड घेऊन यायचा विचार करत असाल तर सोडून द्या, विमानाचं भाडं बघून डोळे पांढरे होतील, इथे सेकंडहँड बाजार मोठा आहे. हार्नेस, बूट, वेटसूट आणताय तर धुऊन आणा, माती-वाळू लागलेलं सामान एअरपोर्टवर जाहीर करावं लागतं आणि तपासतात.

कुठला स्पॉट कुणासाठी हे थोडक्यात सांगते. गोव्याला हलक्या वाऱ्यात मोठ्या बोर्डवर शिकून आला असाल, अजून वॉटरस्टार्ट (पाण्यात पडल्यावर वाऱ्याच्या जोरानेच परत बोर्डवर उभं राहणं) जमत नसेल, तर सेफ्टी बे. शहराच्या दक्षिणेला रॉकिंगहॅमकडे, गाडीने पाऊण तास धरा. वाळूच्या पट्ट्याआड कमरेएवढं सपाट पाणी मिळतं, पडलात की उभे राहायचं. फक्त ती वाळू सरकत राहते, त्यामुळे जुना फोटो बघून जाऊ नका. काइटवाले (पतंगाच्या जोरावर बोर्ड चालवणारे) पण तिथे भरपूर, त्यांच्या दोऱ्या वीसेक मीटर लांब असतात, त्यांच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे त्यांच्यावरून वारा जिकडे जातो तिकडे, रेंगाळू नका. ऑफिसनंतरचा स्पॉट म्हणजे पेलिकन पॉइंट, सिटीतून दहा-पंधरा मिनिटं, जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमाराला मावळतो म्हणजे पाचला सुटलात तरी दीड-दोन तास मिळतात. लाटा हव्या असतील तर नॉर्थ फ्रीमँटलचा लेटन बीच, उत्तरेकडे राहात असाल तर हिलरीजचा पिनारू पॉइंट. बीचवर लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्यांच्या मधला भाग पोहणाऱ्यांचा, तिथून लांब. शार्कबद्दल घरचे विचारणारच, सरकारचं शार्कस्मार्ट ॲप फोनवर ठेवा, निघण्याआधी बघा, बीच बंद असेल तर बंद. एकट्याने समुद्रावर उतरू नका.

घर भाड्याने घेताना लोक स्टेशन बघतात, इंडियन ग्रोसरी बघतात, ते बघाच, पण नकाशावर अजून एक बघा, घर ते पाणी संध्याकाळी साडेचारला किती वेळ लागतो. आत लांब पूर्वेकडच्या भागात घर स्वस्त मिळतं, पण तिथून ट्रॅफिकमधून पाण्यापर्यंत येईस्तोवर डॉक्टर ओसरायला लागतो आणि मग हळूहळू तुम्ही जायचंच बंद करता, अशी बरीच मंडळी मी पाहिलीयेत. गॅरेज किंवा खालचा मजला हवाच, दोन तुकड्यांचा मास्ट आणि अडीच मीटरचा बोर्ड लिफ्टमधून रोज नेणं कुणाला जमत नाही.

हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, सगळं गणित पालटतं. डॉक्टर नसतो, थंड पावसाळी फ्रंट (थंड हवेच्या लाटा) येतात आणि वारा वायव्येकडून सुरू होऊन पश्चिम-नैऋत्येकडे फिरतो, कधी 30 नॉटच्या पण वर. मग उन्हाळ्याचा लाडका काठ कामाचा नाही, पुन्हा नकाशा उघडा आणि त्या दिशेला तोंड असलेला काठ शोधा, पश्चिमेच्या वाऱ्याला नदीवर कोमोचा काठ बघा, तो पश्चिमेकडे तोंड करून आहे. वेटसूट पूर्ण बाह्यांचा घ्या.

आणि हात बसला की एका शनिवारी लॅन्सलिन. पर्थपासून उत्तरेला सव्वाशे किलोमीटर, समोर बेट आणि खडकांची रांग, त्याच्या आत सपाट पाणी आणि बाहेर लाटा, एकाच जागी दोन्ही. दर जानेवारीत लेज पॉइंट ते लॅन्सलिन अशी विंडसर्फिंगची मोठी शर्यत होते, लॅन्सलिन ओशन क्लासिक, त्या आठवड्यात नुसतं बघायला गेलात तरी शिकायला खूप मिळतं. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा, इथला यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांचा आकडा) उन्हाळ्यात 11 च्या वर असतो आणि वाऱ्यात भाजल्याचं कळत नाही. परत येताना अंधार पडायच्या आत निघा, संधिप्रकाशात रस्त्यावर कांगारू येतात, आणि टपावर बोर्ड बांधलेले असताना जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ नये.