घटस्फोट लांबवताय? मग या चुका टाळा

नवरा-बायकोचं पटत नाही, पण बायकोचं औषधपाणी नवऱ्याच्या विम्यावर चाललंय. म्हणून निकाल उशिरा घ्यायचा. यात गैर काही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं फौजी घरं भरपूर आहेत. घटस्फोट झाला की बायकोचा ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, उपचार बंद होतो, पुढं कुटुंब निवृत्तिवेतनही मिळत नाही, हे घराघरांत माहीत आहे. लांबवायचं कसं, तिथं मात्र सगळे घसरतात. वकिलांच्या ऑफिसात फायली लावता लावता मी हे पुन्हा पुन्हा बघतो.

पहिली चूक, आधी अर्ज टाकून मग थांबणं. संमतीच्या घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर सहा महिन्यांनी, पण १८ महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टापुढं जायचं. मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजतात.

खानापूरकडचं एक जोडपं होतं. तो निवृत्त फौजी, तिचं डायलिसिस चालू. "अर्ज टाकून ठेवू, उपचार मार्गी लागले की जाऊ," असं ठरलं. तारखांकडं कुणी बघितलंच नाही आणि मुदत उलटून अर्ज बाद झाला. त्या अर्जातच लिहिलं होतं की प्लॉट तिच्या नावावर करायचा. तोवर प्लॉटचा भाव चढला, भाऊबंदांनी कान भरले, नवरा फिरला. निकाल लागेपर्यंत संमती काढून घेता येते, त्यामुळं बाईंच्या हातात काही उरलं नाही. पोटगीसाठी नव्यानं भांडत बसल्या.

माझं मत विचाराल तर लांबवायचंच असेल तर अर्जच देऊ नका. वेगळं राहण्याला वरची मर्यादा नाही. प्लॉट द्यायचा असेल तर आधी बक्षीसपत्र करून सब-रजिस्ट्रारकडं नोंदवा, अर्ज मागाहून. न्यायिक विभक्तीचाही, म्हणजे कोर्टाच्या हुकुमानं वेगळं राहण्याचा, मार्ग आहे, त्यात लग्न कायद्यानं टिकतं. पण त्याला घटस्फोटासारखंच कारण सिद्ध करावं लागतं. "सोपं असेल तेच करा साहेब" म्हणणाऱ्यांना हे पटत नाही.

उलट टोकाचेही असतात. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं की सहा महिन्यांची थांबणूक योग्य प्रकरणात माफ होऊ शकते. तेव्हापासून जो येतो तो पहिल्याच दिवशी "सहा महिने माफ करून द्या" म्हणतो. निकालाच्या तारखेला कोणता विमा बंद होणार, हे विचारलं की गप्प.

तोंडी भरवशावर कर्ज. घराच्या कर्जावर दोघांच्या सह्या असतील तर हप्ता थकल्यावर बँक दोघांनाही धरते. "हप्ते मी भरतो, काळजी करू नको" हे बँकेला ऐकू जात नाही. लांबवण्याआधी बँकेत जाऊन कर्ज एकाच्या नावावर करता येतं का ते विचारा.

नॉमिनी तपासा. घटस्फोटानं विम्यावरचं नाव आपोआप बदलत नाही.

निकाल लागल्यावरही जुनं कार्ड दाखवून उपचार घेणं ही सरळ फसवणूक आहे.

कानडी कागदावर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. लाज वाटली तरी विचारा.

आणि लांबवण्याच्या काळात दुसरं लग्न नको. पहिलं लग्न चालू असताना मांडव घातला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, चंदगडला जाऊन गुपचूप केलं तरी तेच.