फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर निवडायचंय? आधी स्वतःचे अडलेले फोटो बाजूला काढा

हौसेने फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की एडिटिंगला काय घेऊ, आणि मग दहा जणांना विचारलं की दहा नावं येतात आणि गंमत म्हणजे दहाही जण खरं सांगत असतात, कारण ज्याच्या त्याच्या फोटोंना ते ते जमलेलं असतं. म्हणून माझं सांगणं एकच आहे, नावांकडे नंतर या, आधी आपल्याच हार्डडिस्कमध्ये जा आणि पाच गोष्टी शोधून काढा. छान आलेले फोटो नकोत, जिथे आपण अडलो होतो ते हवेत. ट्रायल मोजके दिवसच मिळते, ते दिवस मेनू बघण्यात जातात आणि शेवटी निर्णय यूट्यूबवरच्या कुणाच्या तरी फोटोंवरून होतो, ते टाळायचंय.

माझे पाच सांगते म्हणजे कल्पना येईल. पहिला भिगवणचा, उजनीच्या पाण्यावर सकाळी होडीतून काढलेला फ्लेमिंगो, पंख उघडलेत आणि वरचं पांढरं जवळजवळ जळालंय. दुसरा कासचा, सीतेची आसवं नावाच्या जांभळ्या फुलांचा. तिसरा विसर्जन मिरवणुकीतला, रात्रीचा, आयएसओ ६४००, गुलालाने माखलेला ढोलवाला. चौथा आईचा, खिडकीपाशी तांदूळ निवडताना. आणि पाचवा म्हणजे फोटो नाही, ताडोबाच्या एका सफारीचं अख्खं फोल्डर आहे, सहाशे फोटोंचं.

हे सगळे रॉ फाईलमध्येच हवेत, म्हणजे कॅमेऱ्याने काही न बदलता साठवलेल्या कच्च्या फाईलमध्ये. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे सॉफ्टवेअरचा खरा कस रॉवरच लागतो.

आता फ्लेमिंगो उघडा आणि हायलाईट्सचा, म्हणजे फोटोतल्या सगळ्यात उजळ भागांचा, स्लायडर डावीकडे पूर्ण ओढा, मग शंभर टक्के झूम करून पंखाच्या वरच्या कडेला बघा. एका सॉफ्टवेअरमध्ये पिसं एकेक सुटी दिसायला लागतात, फिकट गुलाबी छटेसकट, आणि दुसऱ्यात तोच भाग नुसता राखाडी होऊन बसतो, जणू कुणी पुठ्ठा कापून चिकटवलाय. फाईल तीच, कॅमेरा तोच. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की जाहिरातीतली भाषा वाचायची गरज उरत नाही.

गुलालाचा फोटो त्याहून अवघड, कारण तिथे लाल चॅनेल, म्हणजे फाईलमधली लाल रंगाची नोंद, निळ्या-हिरव्याच्या आधी भरून जातो आणि गालावरचा गुलाल, कपाळावरचा घाम, सगळं एकाच लाल डागात जातं. इथे सॅच्युरेशन कमी करून भागत नाही, लाल रंगाचीच उजळी वेगळी उतरवता येते का ते बघा. नॉइजसाठी, म्हणजे अंधारातल्या फोटोत येणाऱ्या दाण्यांसाठी, डीएक्सओ फोटोलॅबचं डीपप्राइम फार चांगलं आहे, अडोबीच्या लाइटरूममध्येही २०२३ पासून एआय डिनॉइज आलंय, पण दोन्ही ग्राफिक्स कार्डावर जोर देतात आणि साधा ऑफिसचा लॅपटॉप असेल तर एका फोटोला काही मिनिटं सहज लागतात. दुसऱ्याच्या मशिनवर बघून घेऊ नका, आपल्याच लॅपटॉपवर घड्याळ लावून बघा.

कासच्या फुलांचा जांभळा रंग निळ्याकडे सरकतो आणि आजूबाजूचं गवत पोपटी होतं, ही तक्रार खूप जणांची असते. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. रॉमध्ये तयार रंग नसतातच, प्रत्येक सॉफ्टवेअर ते आपापल्या प्रोफाईलने, म्हणजे रंगांच्या ठरलेल्या हिशोबाने, बनवतं. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसलेलाच रंग हवा असेल तर कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर आधी वापरून बघा, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, दोन्ही फुकट आहेत आणि लोक त्यांच्याकडे उगाच दुर्लक्ष करतात. नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. आईच्या फोटोत त्वचेचा रंग बघायचा, आणि हो, रंग बघताना लॅपटॉपचा नाईट लाईट बंद ठेवा.

पण सगळ्यात जास्त वेळ कशात जातो सांगू का, निवडण्यात. सहाशेतले वीस काढायचे असतात, तेव्हा एका फोटोवरून दुसऱ्यावर जायला अर्धा सेकंद लागतो की तीन, एका बटणाने स्टार देता येतो का, दोन सारखे फोटो शेजारी ठेवून वाघाचे डोळे कशात शार्प आहेत ते पटकन दिसतं का, यावर तुम्ही ते सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी वापरत असाल की नाही ते ठरतं. लाइटरूम क्लासिक इथे खरंच पक्कं आहे, म्हणून लोक त्याला सोडत नाहीत. गिंप आणि अफिनिटी ही एकेक फोटो घेऊन बसायची साधनं आहेत, फोल्डर सांभाळणं त्यांचं काम नाही, आणि गिंप रॉ स्वतः उघडत पण नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे पाठवतं. अफिनिटी २०२४ मध्ये कॅनव्हाने घेतलं आणि २०२५ मध्ये फुकट केलं, तेव्हा बॅकग्राउंड साफ करणं, दोन फोटो जोडणं असल्या कामाला ठेवायला हरकत नाही.

डार्कटेबलबद्दल जरा जास्त लिहिते कारण मी तेच वापरते. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, मास्किंग, म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग बदलणं, फार ताकदीचं आहे. पण पहिले दोन आठवडे जड जातात, एकाच कामाला तीन तीन मॉड्यूल दिसतात आणि माणूस गोंधळतो. सगळं शिकायला जाऊ नका, एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, डिनॉइज आणि क्रॉप एवढ्यावर महिनाभर काम करा, बाकीची मॉड्यूल्स उघडूच नका.

पैशांचं म्हणाल तर सबस्क्रिप्शनचा महिन्याचा आकडा बघू नका, पाच वर्षांचे साठ हप्ते मांडा आणि वर्षातून किती वेळा कॅमेरा हातात घेता तेही मांडा. दर शनिवार-रविवार बाहेर पडणाऱ्याला तो हप्ता परवडतो, वर्षातून दोन ट्रिपवाल्याला नाही. एकदाच पैसे भरायचं लाइटरूम २०१५ च्या सहाव्या व्हर्जनलाच संपलं. जी सॉफ्टवेअर्स अजून एकरकमी मिळतात त्यांच्यात दुसरी अडचण, नवा कॅमेरा घेतला की त्याची रॉ फाईल जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. कॅननने २०१८ मध्ये एम५० बरोबर सीआर३ फाईल आणली तेव्हा असंच झालं. अडलंच तर अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, त्यातून डीएनजी, म्हणजे बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी रॉ फाईल, करून काम भागतं.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते, सोडताना हातात काय राहतं. माझी एकदा लॅपटॉपची डिस्क गेली. फोटो बाहेरच्या डिस्कवर होते म्हणून वाचले, पण केलेलं एडिटिंग सगळं एका कॅटलॉग फाईलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, होतं आणि ती लॅपटॉपवर, तिची कॉपी मी ठेवलेली नव्हती. चार वर्षांचे फोटो परत जसेच्या तसे कच्चे समोर आले, वारीचे, भाचीच्या बारशाचे, सगळे. तेव्हापासून ट्रायलच्या पहिल्याच दिवशी मी सेटिंग्जमध्ये शोधते की एडिट फोटोशेजारी एक्सएमपी या छोट्या वेगळ्या फाईलमध्ये लिहिलं जातं का. डार्कटेबल हे आपणहून करतं, लाइटरूम क्लासिकमध्ये कॅटलॉग सेटिंग्जमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. तरी लक्षात ठेवा, एका सॉफ्टवेअरचे स्टार आणि कीवर्ड दुसऱ्याला बहुतेक कळतात, एडिटिंग नीट कळत नाही. म्हणून जे फोटो खरंच आपले आहेत, वर्षाला पन्नास असतील फार तर, ते एडिटिंगसकट १६ बिट टिफ या फोटो फाईलमध्ये काढून दुसऱ्या डिस्कवर टाका.

फक्त मोबाईलवर करणाऱ्यांनी स्नॅपसीड घ्या, फुकट आहे, डीएनजी पण उघडतं. आणि फोटोवर मराठीत नाव किंवा गणपतीच्या शुभेच्छा लिहायच्या असतील तर ट्रायलमध्ये "ज्ञानेश्वर" आणि "कार्तिकी" टाईप करून बघा, ज्ञ फुटला, रफार किंवा पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली तर ते सॉफ्टवेअर त्या कामाला नको. गिंपमध्ये हे दोन्ही नीट येतात.