लटकन पोपट: आधी कान, मग डोळे

आंबोलीच्या किंवा गोव्यातल्या मोलेच्या सदाहरित रानात लटकन पोपट, म्हणजेच व्हर्नल हँगिंग पॅरट, पाहायचा असेल, तर दुर्बीण गळ्यातच राहू द्यावी आणि आधी कान उघडे ठेवावेत. जेमतेम 14 सेंटिमीटरचा हा पक्षी झाडांच्या शेंड्यांवरून इतक्या वेगाने जातो की दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत तो दिसेनासा होतो. मात्र उडताना तो तीक्ष्ण, तुटक ‘टि-टि-टी’ असा आवाज करतो. आवाज येताच उघड्या आकाशाच्या पट्ट्याकडे पाहावे. आखूड शेपटीचा, बंदुकीच्या गोळीसारखा सरळ जाणारा हिरवा ठिपका दिसला, तर तो हाच. लांब शेपटीचा असेल तर दुसरा पोपट समजावा.

निवांत दर्शनासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला पांगारा गाठावा आणि सकाळी त्याखाली अर्धा तास शांत उभे राहावे. हा पोपट उलटा लटकून मध पितो, तेव्हा शेपटीच्या मुळाजवळचा लालभडक रंग उठून दिसतो. नराच्या गळ्यावरचा निळा डाग मात्र जवळूनच कळतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावू नये, कारण हाच त्याचा विणीचा काळ असतो.