माडिया गावात मुलांसोबत काम करताय? या चुका टाळा

दरवर्षी एमएसडब्ल्यू झालेली नवी पोरं गडचिरोलीतल्या भामरागडकडे, माडिया आदिवासींच्या गावांत येतात, हातात टॅब, टॅबमध्ये फॉर्म, आणि पहिल्याच आठवड्यात तीच चूक करतात जी मी पण केली होती. दरवेळी तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात महागात पडते ती ही, घरात मोठं माणूस दिसलं नाही की "पालकांचे दुर्लक्ष" लिहून मोकळं होणं. माझं पहिलं वर्ष होतं. एका घरी गेलो तर आठ-नऊ वर्षांची पोरगी चुलीवर भात टाकतेय, कडेवर तीनेक वर्षांचा भाऊ, आई कुठे विचारलं तर गावाच्या कडेला बोट दाखवलं, बाप जंगलात. मी रिपोर्ट ठोकला. तो वर गेला, पंधरा दिवसांनी गाडी आली, बालगृहाच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि बायका पोरांना घेऊन जंगलात पसार. पुढचे दोन महिने मी दिसलो की अंगणं रिकामी व्हायची. मग एका म्हातारीने सांगितलं, आई कुरमाघरात होती, म्हणजे पाळीत बायका वेगळ्या राहतात त्या झोपडीत, पाळीचे दिवस, तेव्हा ती घरच्या चुलीला हात लावत नाही. समोर आजी बसलेली होती, बाजूच्या घरात काकू, आणि मी ज्या खाटेवर बसून रिपोर्ट लिहिला ती खाट त्या काकूचीच! फॉर्ममध्ये रकाना एकच, "पालक", त्यात आजी-काकू बसणार कुठे. (कुरमाघर भारी प्रथा आहे असं म्हणत नाहीये, गळकं छप्पर, साप-विंचू, ते भांडण वेगळं आहे आणि ते बायकांसोबत बसून करायचं.)

आता माझी सवय अशी की पहिल्या तीन भेटींत वही पिशवीतच. नंतर तीनच प्रश्न: काल रात्री पोरगं कुठे झोपलं, सकाळी कुणी खाऊ घातलं, ताप आला तर पहिली हाक कुणाला. तिन्ही उत्तरांत आई-बाप नसले तरी चालतं, माणसं असली पाहिजेत. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी हेच लावून धरलं, तेव्हा १९८९ च्या कायद्यात मुलाचं काय करायचं ते ठरवायला सगळ्या नातलगांची बैठक आली. अमेरिकेत १९७० च्या दशकात मूलनिवासींची २५ ते ३५ टक्के मुलं घरापासून तोडलेली निघाली, मग कुठे ते रोखायला १९७८ चा कायदा. तिथेही रिपोर्ट लिहिणारे तुमच्या-माझ्यासारखेच, चांगल्या मनाचे आणि घाईतले.

दुसरी माझी लाडकी चूक, १ जून. आश्रमशाळेचा दाखला बघा, अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जून, कारण प्रवेश देताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेला असतो. गावात वय आकड्यात मोजत नाहीत, पोरगं काय काय करायला लागलं त्यावर मोजतात, गुरं राखतं का, मोह वेचायला एकटं जातं का. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वय ठरवताना शाळेचा दाखला आधी बघतात, त्यामुळे गुरुजींच्या अंदाजावर सोळाचं पोरगं अठराचं होऊन बसतं. दाखला हातात आला म्हणून वय कळलं असं समजू नका. मी आईला विचारतो, २०१९ ला पर्लकोटा नदीला पूर आला तेव्हा हा कडेवर होता की चालत होता, कुणाच्या पोरासोबतचा आहे, मग अंगणवाडीचं रजिस्टर आणि जन्मनोंद काढायला लावतो. अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

मोहाच्या दिवसांत वर्ग रिकामा दिसला की "बालमजुरी" लिहू नका. मोह पहाटे गळतो, घरचे सगळेच जातात, आणि शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामात मदत २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यालाही चालते, धोक्याचं काम नको एवढंच. शाळा बुडते ते मला पण आवडत नाही, पण त्यासाठी गावाशी बोलून शाळेची वेळ बदलता येते का बघा. मात्र तेच पोरगं मुकादमासोबत तेलंगणात मिरची तोडायला गेलं तर "त्यांची संस्कृती आहे" म्हणून गप्प बसणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. संस्कृतीच्या नावाखाली हात वर करणं हा पण शॉर्टकटच.

"गणितात कच्चा" लिहिण्याआधी त्याला तेंदूची पुडकी बांधताना बघा, सत्तर पानांचं पुडकं, बोलता बोलता बांधतो, पान चुकत नाही.

गोटूलचं (गावातल्या तरुण पोरापोरींनी एकत्र जमायचं घर) नाव काढून हसणारा पोरगा टीममध्ये असेल तर त्याला ऑफिसात बसवा.

शाळकरी पोराला दुभाषी करू नका, घरच्या भानगडी तो तुम्हाला सांगणार नाही आणि सांगितल्या तर घरी मार खाईल. स्वतः माडिया शिका, सहा महिन्यांत कामापुरती येते. लोक हसतात, हसू द्या, हसले की बसायला खाट देतात.

आणि चॉकलेट वाटून फोटो काढणं आजपासून बंद.