घरच्या कन्सोलसाठी आर्केड मॉनिटर कसा निवडायचा

जुन्या व्हिडिओ गेम पार्लरच्या लाकडी पेटीतला मॉनिटर कुठं भंगारात नाहीतर ओळखीनं मिळतोय म्हटलं की लगेच पैसे काढू नका. आधी घरात कन्सोल कोणता आहे ते बघा, कारण मॉनिटर त्यावरूनच ठरतो, कंपनी अन् साईज नंतर.

पहिलं काम, किलोहर्ट्झ जुळवा. मॉनिटर एका सेकंदात किती हजार आडव्या रेषा मारतो त्याचा हा आकडा. मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, प्लेस्टेशन १ हे सगळे १५ किलोहर्ट्झवाले. प्लेस्टेशन २ चे बहुतेक गेमपण १५ वरच चालतात. ड्रीमकास्ट व्हीजीए बॉक्स (कॉम्प्युटर मॉनिटरसारखा सिग्नल काढून देणारा डबा) लावून खेळणार असाल तर मात्र ३१ पाहिजे. आर्केड मॉनिटर १५ चा येतो, २४ चा येतो, ३१ चा येतो, आणि काही दोन-तीन रेट धरणारे येतात, जसं नानाओ या जपानी कंपनीचा एमएस ९ हा १५ आणि २४ दोन्ही घेतो. माझं स्पष्ट मत आहे, जुने टूडी गेम खेळायचे असतील तर साधा १५ चाच घ्या की ओ, त्या रेषा-रेषांचं जे चित्र दिसतं ना त्यासाठीच तर एवढा खटाटोप. नुसत्या १५ वाल्याला ३१ चा सिग्नल देऊन बघू असं कधी करू नका, चित्र फाटतंच, वर हॉरिझॉन्टल आउटपुटचा ट्रान्झिस्टर उडू शकतो. ३१ वाला आधीच घरात असेल तर मधी ओएसएससी नावाचा कन्व्हर्टर लावता येतो, तो रेषा डबल करतो अन् बटण दाबल्यावर उशीर जाणवत नाही.

दुसरं, कन्सोलमधून आरजीबी (तिन्ही रंग वेगवेगळे देणारा सिग्नल) निघतं का? आर्केड मॉनिटरला पिवळी पिन लावायला जागाच नसते, लाल-हिरवा-निळा वेगळा अन् सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल) वेगळा असाच सिग्नल तो घेतो. मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, प्लेस्टेशन यांच्यातून स्कार्ट नावाच्या रुंद, बऱ्याच पिनांच्या केबलनं आरजीबी मिळतं. आपल्याकडचे लहानपणीचे कॅसेटवाले गेम फक्त पिवळी पिन देतात, त्यांच्यासाठी चांगल्या कंडिशनचा जुना कलर टीव्हीच घ्या, उगाच खर्चात पडू नका. स्कार्टमधला सिंक बऱ्याचदा पूर्ण व्हिडिओत मिसळलेला असतो, तो वेगळा काढायला एलएम १८८१ या आयसीचं छोटं सर्किट लागतं. शिवाय कन्सोलचा रंगाचा सिग्नल ०.७ व्होल्टचा अन् आर्केड मॉनिटरला त्याच्या कितीतरी पट जास्त लागतो, म्हणून नुसती वायर जोडली तर चित्र अंधारं येतं, मधी व्हिडिओ अँप्लिफायर घाला. पाल-एनटीएससीची (टीव्हीच्या रंगाच्या दोन पद्धती) चिंता इथं नाही, आरजीबीत रंगाचा तो प्रश्नच येत नाही, फक्त ५० अन् ६० हर्ट्झ बदलताना चित्र वर-खाली पळालं तर व्ही-होल्ड (चित्राचं वर-खाली पळणं थांबवणारा नॉब) फिरवायचा.

आता जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे ती. बऱ्याच जुन्या आर्केड चेसिसमध्ये (मॉनिटरच्या आतल्या सर्किटमध्ये) घरची लाईट थेट आत जाते, म्हणजे चेसिसला हात लावला की शॉक. पेटीत वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (घरच्या लाईटशी थेट जोड तोडणारा) असायचा, पण आपण सुटा मॉनिटर उचलून आणतो अन् ट्रान्सफॉर्मर पेटीतच राहतो. तसाच कन्सोल जोडला तर कन्सोल जळेल, अन् कंट्रोलर तुमच्या हातात आहे हे लक्षात ठेवा. जपानी मॉनिटर १०० व्होल्टचा, अमेरिकन १२० चा असतो, म्हणून लोक बाजारातून स्टेप-डाऊन आणतात, पण तो ऑटो ट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचा) असेल तर व्होल्टेज कमी होतं अन् धोका तसाच राहतो. आपल्या सोलापुरात पॉवरलूममुळं वाइंडिंगची कामं करणारे आहेत, त्यातल्या ट्रान्सफॉर्मर करणाऱ्याला स्पष्ट सांगा, प्रायमरी अन् सेकंडरी (लाईट आत घेणारी अन् बाहेर देणारी वाइंडिंग) पूर्ण वेगळी पाहिजे. चेसिस कुठला आहे तेच कळत नसेल तरी ट्रान्सफॉर्मर लावाच.

बघायला गेल्यावर चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. आधी बंद काचेवर टॉर्च मारा, एकच गेम वर्षानुवर्षं चालला असेल तर त्याची अक्षरं काचेत उमटलेली दिसतात, ते कधी जात नाही. मग चालू करून अर्धा तास तापू द्या. पांढऱ्या रेषांच्या कडेला लाल-निळं दिसतंय का, चित्र कडेला वाकतंय का, हे बघा. वाकणं अन् थरथरणं बहुतेक वेळा कंडेन्सर बदलून सुटतं. ईएचटी (ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर) गेली असेल तर त्याच मॉडेलची शोधत बसावं लागतं. पिक्चर ट्यूबच मंद झाली असेल तर सरळ सोडून द्या. मागचं झाकण उघडायचं काम जुन्या टीव्हीच्या मेकॅनिकलाच द्या, ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टच्या वर असतं अन् प्लग काढल्यावरपण करंट साठून राहतो.

साईजचं म्हणाल तर खोलीत बसून खेळायला २० इंची भरपूर. २९ इंची दिसतो लै भारी, पण उचलायला दोन माणसं लागतात अन् ठेवायला दणकट टेबल. गाडीतून आणताना जाड सोलापुरी चादर गुंडाळा अन् काचेची बाजू मऊ गादीवर खाली करून ठेवा, मागची ट्यूबची मान नाजूक असते, तिला धक्का लागला की संपलं.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा मागं वीतभर जागा मोकळी सोडा, स्टॅबिलायझर लावा. आवाज या मॉनिटरमधून येत नाही, केबलमधल्या ऑडिओच्या पिना वेगळ्या काढून जुन्या होम थिएटरला द्या.